आत्तीच्या रिपोर्टातल्या तीन ओळी

गेल्या श्रावणात निपाणीजवळच्या गावाहून आत्ती बेळगावला आली, ती हातात तपासणीचा लिफाफा घेऊन. छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट त्यात होता. गाठ कॅन्सरची निघाली होती. डॉक्टरांनी कन्नड आणि इंग्रजी मिसळून सगळं नीट सांगितलं होतं, हिनं मान डोलावली होती. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात राहिल्या त्या तीनच ओळी. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

"दोन पॉझिटिव्ह आल्यात बघ," पायरीवर चपला काढता काढता ती म्हणाली. "कोरोनात एक आलं तरी माणसं हाय खात होती. मला दोन आल्यात."

मी पीयू कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळं असले कागद घरात माझ्याच पुढ्यात येतात. यातलं पॉझिटिव्ह भिण्यासारखं नाही, उलट बरं आहे, असं मी लगेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं कसं? तेच मला कळंना झालंय." प्रश्न रास्त होता. पुढची निदान पाच वर्षं रोज एक गोळी तिला स्वतःच्या हातानं घ्यायची होती, आणि माझ्या पाहण्यातल्या दोन बायकांनी बरं वाटायला लागल्यावर अशीच गोळी मधेच सोडून दिली होती. म्हणून त्या रात्री जेवणं उरकून आम्ही बसलो. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात दह्यापासून केली. कोमट दुधात विरजण घातलं की त्यातले जिवाणू वाढत सुटतात. त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. दूध आहे, ऊब आहे, झालं. आपल्या अंगातल्या पेशींचं तसं नाही. माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत. रक्त प्रत्येकीच्या दाराशी साखर आणि प्राणवायू आणून ठेवतं, ऊबही ३७ अंशांची कायमची. म्हणजे खाण्यापिण्याची ददात नाही. तरीही बहुतेक पेशी गप्प बसून नेमलेलं काम करत राहतात. एकीच्या दोन व्हायचं, तर ते कुणीतरी सांगावं लागतं. हे मी आत्तीला दोनदा सांगितलं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. जगायला पेशीला अन्न लागतं, पण विभागायला निरोप लागतो.

हा निरोप सगळ्यांना सारखा येत नाही. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. तांबड्या पेशी १२० दिवसांत झिजतात, म्हणून हाडांतला मगज दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार करतो. रक्तात प्राणवायू कमी पडतोय हे मूत्रपिंडाला आधी कळतं, आणि ते एरिथ्रोपोएटिन नावाचा निरोप मगजाकडं धाडतं. डायलिसिसवरच्या माणसाला रक्तवाढीचं इंजेक्शन देतात ते हेच, कारण त्याच्या मूत्रपिंडाला हा निरोप पुरेसा धाडता येत नाही. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून टाकला तरी आठवड्या-दीड आठवड्यात तेवढं वजन भरून येतं, आणि भरलं की वाढ थांबते. मेंदूतल्या बहुतेक मज्जापेशी मात्र जन्मभर एकदाही विभागत नाहीत.

"थांब म्हणून सांगतं कोण, आणि वाढ म्हणून कोण?" आत्तीनं विचारलं.

तिचं अर्धं आयुष्य तंबाखूच्या रानात गेलंय. आता त्या रानात ऊस उभा आहे, पण शेंडा खुडलेला हात ते विसरत नाही. तंबाखूला फुलाची कळी धरायला लागली की शेंडा खुडतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. आणि खुडल्यावर थोड्याच दिवसांत पानांच्या बगलेतून कोंब डोकी वर काढतात, ते पुन्हा मोडत बसावं लागतं. मी विचारलं, हे कोंब शेंडा असताना का येत नव्हते? पाणी तेच, खत तेच, रान तेच. ती म्हणाली, "शेंडा दाबून ठेवतो की त्यास्नी."

अगदी बरोबर. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरत जातं आणि त्याच्या धाकात बगलेतले डोळे निजलेले राहतात. शेंडा गेला, ऑक्सिनचा ओघ तुटला, की डोळे जागे होतात. यातली एक गोष्ट निपाणी भागातल्या माणसांना मी हट्टानं सांगते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर तंबाखूच्याच खोडातला गाभा काढून काचेच्या भांड्यात वाढवत होते. अन्न घातलं, ऑक्सिन घातलं, तर पेशी फुगल्या, पण विभागेनात. १९५५ मध्ये त्यांच्या गटाला कायनेटिन हा पदार्थ मिळाला. ऑक्सिनच्या जोडीला तो चिमूटभर पडला आणि पेशी विभागू लागल्या. दोन वर्षांनी त्यांनी दाखवलं की ऑक्सिन जास्त ठेवलं तर त्या गोळ्याला मुळं फुटतात, कायनेटिन जास्त ठेवलं तर कोंब. म्हणजे तीच पेशी, तेच अन्न, फक्त निरोपाचं माप वेगळं.

झाडाचे निरोप वेगळे आणि आपले वेगळे, तरी रीत तीच. आपल्याकडं वाढीचे निरोप दोन वाटांनी येतात. एक, शेजारच्या पेशींनी सोडलेली छोटी प्रथिनं. त्यांना वाढघटक म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी ग्रोथ फॅक्टर. दोन, लांबच्या ग्रंथीतून रक्तातून येणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन. आणि निरोप कुठलाही असो, तो ऐकायला पेशीला कान लागतो. त्या कानाला मराठी पुस्तकांत ग्राही म्हणतात, दवाखान्यात रिसेप्टर. ज्या पेशीला कान नाही, तिच्या अंगावरून निरोप नुसता वाहून जातो.

वाढघटक सापडले त्याची हकिकत थोडी सांगायलाच हवी. इटलीत मुसोलिनीच्या वंशभेदाच्या कायद्यांमुळं रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना ज्यू म्हणून विद्यापीठातून बाहेर पडावं लागलं. त्यांनी तुरिनच्या घरात झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम चालू ठेवलं. युद्धानंतर अमेरिकेत त्यांनी दाखवलं की एका गाठीतून झिरपणाऱ्या पदार्थानं मज्जातंतू भराभर वाढतात. तो पदार्थ शुद्ध करायला स्टॅनली कोहेन हे रसायनतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. उंदराच्या लाळग्रंथीत तो भरपूर असतो हे कळल्यावर कोहेन यांनी त्या ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा एक वेगळंच दिसलं. उंदराच्या पिल्लांचे डोळे एरवी दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, ते आठवड्यातच उघडले, दातही लवकर आले. अर्कात दुसराच एक निरोप होता, कातडीच्या पेशींना वाढवणारा. तो ५३ अमिनो आम्लांचा चिमुकला धागा निघाला, नाव ईजीएफ. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. कुत्री-मांजरं जखम चाटतात तेव्हा लाळेतल्या अशा घटकांचा ती भरायला थोडा हातभार लागत असावा. मात्र लाळेत जंतूही असतात, तेव्हा आपण बोट कापलं की तोंडात घालू नये, नळाखाली धरावं.

दुसरा निरोप रक्ताच्या गोठण्यात सापडला. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना गोठलेल्या रक्तातून निथळलेला द्रव घातला तर पेशी विभागतात, आणि रक्त गोठू न देता वेगळा काढलेला द्रव घातला तर विभागत नाहीत. दोन्हींत अन्न सारखंच. फरक एवढाच, की गोठताना बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, फुटतात आणि पोटातला माल बाहेर टाकतात. त्या मालात पीडीजीएफ हा वाढघटक असतो, हे १९७४ मध्ये रसेल रॉस आणि त्यांच्या सोबत्यांच्या कामातून पुढं आलं. किती शहाणपणाची व्यवस्था आहे बघा. ऊसतोडीत कोयता लागला, रक्त आलं, रक्त गोठलं, की जिथं कातडं फाटलंय नेमकं तिथंच 'वाढा' हा निरोप सांडतो. अंगभर नाही. जखम भरली, निरोप संपला, वाढ थांबली.

आता निरोप कानावर पडल्यावर पेशीच्या आत काय होतं, हा भाग सगळ्यात किचकट आणि मला सगळ्यात आवडणारा.

वाढघटक हे प्रथिन असल्यामुळं पेशीच्या तेलकट पडद्यातून आत शिरू शकत नाही. त्याचा ग्राही त्या पडद्यातूनच आरपार ओवलेला असतो, अर्धा बाहेर, अर्धा आत. निरोप बाहेरच्या अर्ध्याला चिकटला की असे दोन ग्राही सरकत एकमेकांजवळ येतात आणि जोडी जमते. मग आतल्या बाजूला जे होतं ते मी आत्तीला हळदीकुंकवासारखं म्हणून सांगितलं. दोघी समोरासमोर आल्या की ही तिला कुंकू लावते, ती हिला लावते. इथं कुंकवाच्या जागी फॉस्फेट असतं. एक ग्राही दुसऱ्याच्या टायरोसिन नावाच्या जागांवर फॉस्फेटची टिकली लावतो, दुसरा पहिल्याला. माणसात या जातीचे ५८ ग्राही आहेत.

ती टिकली ओळखणारी प्रथिनं आत टपूनच असतात. ती येऊन चिकटतात आणि रास नावाच्या छोट्या प्रथिनाला जागं करतात. रास जागं झालं की ते पुढच्याला जागं करतं, आणि तिथून एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला टिकली लावत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. गावात मयताची बातमी जशी एका दारातून दोन दारांत आणि दोनातून चारांत जाते, तसा एक निरोप आत येईपर्यंत कित्येक पटींनी मोठा होतो. आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे, हे सगळं आपोआप विझतंही. रासच्या अंगातच घड्याळ आहे, ठरावीक वेळानं ते स्वतःला बंद करतं. टिकल्या पुसणारी वेगळी प्रथिनं आहेत. शिवाय पेशी निरोप मिळालेला ग्राही पडद्यासकट आत ओढून बऱ्याचदा पचवून टाकते. ऐकून झालं, आता कान मिटा.

केंद्रकात पोचलेल्या निरोपानं सायक्लिन डी नावाचं प्रथिन तयार होऊ लागतं. ते आपल्या जोडीदारांना, सीडीके ४ आणि ६ यांना, कामाला लावतं. हे जोडीदार आरबी या पहारेकऱ्याला दारातून बाजूला करतात. आरबी दारात आहे तोवर डीएनएची नक्कल सुरू होत नाही. तो हटला की होते. हा क्षण लग्नातल्या अक्षतांसारखा असतो. अक्षता पडेपर्यंत बोलणी मोडू शकतात. पेशीचंही तसंच आहे. या उंबऱ्याच्या अलीकडं निरोप थांबला तर ती माघारी फिरते, उंबरा ओलांडला की मग निरोप असो-नसो, विभाजन पुरं करते. हा उंबरा १९७४ मध्ये आर्थर पार्डी यांनी दाखवला. ओलांडल्यावर पेशी ६०० कोटी अक्षरांच्या डीएनएची नक्कल काढते, साधारण आठ तासांत, आणि मग दोन होतात. विभाजनाची ही चाकं शोधल्याबद्दल लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं.

थांबवणारे निरोपही असतात. टीजीएफ-बीटा नावाचा घटक कातडी-अस्तराच्या पेशींना 'पुरे' म्हणतो, आणि शेजारणी चहूबाजूंनी खेटल्या की निरोगी पेशी स्वतःच थांबते. पी-५३ हे प्रथिन डीएनए बिघडलेलं दिसलं तर विभाजन अडवतं, नाहीतर त्या पेशीला मरायला लावतं.

आता हार्मोनकडं येते, कारण आत्तीच्या रिपोर्टातल्या पहिल्या दोन ओळी तिथल्या आहेत.

ईस्ट्रोजेन हे बाईच्या बीजकोशात तयार होणारं हार्मोन कोलेस्टेरॉलपासून बनतं. ते स्निग्ध असल्यामुळं पेशीच्या तेलकट पडद्यातून सहज आत जातं. त्याला दारावर थाप मारावी लागत नाही, आणि म्हणून त्याचा कानही दारावर नसतो, तो आत केंद्रकात असतो. ईआर म्हणजे तोच, ईस्ट्रोजेनचा ग्राही. रक्तातून ईस्ट्रोजेन सगळीकडं फिरतं, मग परिणाम ठरावीक ठिकाणीच का दिसतो? हा प्रश्न शिकागोत एलवूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सोडवला. त्यांनी ईस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावून ते उंदरांना दिलं. इतर अवयवांनी ते आलं तसं जाऊ दिलं. गर्भाशयानं मात्र धरून ठेवलं. तिथं धरणारा कुणीतरी होता.

ईस्ट्रोजेन चिकटलं की ईआरचा आकार बदलतो, दोन ईआर जोडीनं थेट डीएनएवर बसतात आणि ठरावीक जनुकं चालू करतात. त्यात आपल्या ओळखीचं सायक्लिन डी असतं. म्हणजे वाट वेगळी, पण उंबरा तोच. दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, वयात येताना आणि गरोदरपणात छातीतल्या ग्रंथी वाढतात, ते या निरोपावर. या चालू होणाऱ्या जनुकांतलंच आणखी एक म्हणजे पीआर, प्रोजेस्टेरॉनचा ग्राही. म्हणून पीआर पॉझिटिव्ह आलं तर ईआर नुसता हजर नाही, कामावरही आहे, असा अर्थ सहसा निघतो. दोन पॉझिटिव्ह म्हणजे दोन आजार नव्हेत.

हार्मोनच्या सांगण्यावरून अवयव वाढतो याचं आणखी एक उदाहरण म्हणजे गळ्याचा गलगंड. आयोडीन कमी पडलं की थायरॉइडला पुरेसं हार्मोन करता येत नाही. मेंदूखालची ग्रंथी 'कर, आणखी कर' म्हणून टीएसएच पाठवत राहते, आणि त्या सततच्या तगाद्यानं थायरॉइडच्या पेशी वाढून गाठ फुगते. यासाठीच भारतात १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन आलं.

आता बिघाड कुठं होतो? या साखळीत जिथं जिथं 'बंद' व्हायची सोय आहे, तिथं. रासचं घड्याळ मोडलं तर ते कायम चालू राहतं. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरात दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत या कुळातलं एक जनुक बिघडलेलं सापडतं. आरबी हरवला तर दार सताड उघडं. पी-५३ गेलं तर बिघडलेली पेशी मारणारं कुणी उरत नाही. आणि कधी कानच जास्त होतात. हर-टू हा पहिल्या जातीचा, पडद्यावरचा कान, ईजीएफच्या ग्राहीचा भाऊ. त्याला स्वतःचा असा निरोप नाही. तो जोडी जमवायला कायम हात पुढं करून उभा असतो. निरोगी पेशीत त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही कॅन्सरांत त्या कितीतरी पटींनी वाढतात, पडद्यावर हर-टूची दाटी होते, आणि बाहेरून निरोप न येताही ते आपापसात जोड्या जमवून आत 'वाढ, वाढ' असा गलका करतात. आत्तीच्या गाठीत ही दाटी नव्हती. तिसऱ्या ओळीतलं निगेटिव्ह ते.

असे रिपोर्ट ज्यांच्या घरात आहेत त्यांच्यासाठी थोडं आणखी. ईआरपुढं टक्के लिहिलेले असतात, म्हणजे शंभरातल्या किती कॅन्सरपेशींच्या केंद्रकाला रंग चढला. एक टक्का असला तरी पॉझिटिव्ह धरतात, पण एक ते दहा टक्के आणि नव्वद टक्के यांत मोठा फरक आहे, तेव्हा आकडा विचारून घ्यावा. हर-टूला ० ते ३ प्लस असे गुण देतात. ३ प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, ० आणि १ प्लस म्हणजे निगेटिव्ह. २ प्लस आलं तर निकाल अर्धवट समजायचा आणि फिश नावाची जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी करून घ्यायची. केआय-६७ अशी आणखी एक ओळ बऱ्याचदा असते. हे प्रथिन फक्त विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशींत दिसतं, म्हणून त्याचा टक्का म्हणजे गाठीतल्या किती पेशी या घडीला वाढीला लागल्यात त्याचा अंदाज. आणि तिन्ही निगेटिव्ह असतील तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, कारण बंद करायला तो कानच नाही. तिथं केमोथेरपी आणि इतर उपचार करतात.

"म्हणजे माझ्या गाठीला कान आहे," आत्ती म्हणाली. "आणि गोळी तो कान झाकणार."

कान झाकणाऱ्या गोळ्या आहेतच, तिची मात्र जरा वेगळी, ते पुढं येतंच. हे निरोप तोडण्याचं शास्त्र ग्राहीचा शोध लागायच्या कितीतरी आधीचं आहे, आणि त्याचा धागा गोठ्यातून निघतो. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी दूध उतरण्यावर अभ्यास केला होता. व्यालेल्या गाईचे बीजकोश काढले तर ती जास्त काळ दूध देते, अशी काही शेतकऱ्यांची रीत त्यांच्या कानावर आली. म्हणजे बीजकोश आणि कास यांचा काहीतरी संबंध आहे. छातीचा कॅन्सर पसरलेल्या एका बाईचे बीजकोश त्यांनी काढले, आणि गाठी विरल्या. हे त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलं. ईस्ट्रोजेन हे नावही तेव्हा नव्हतं. पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरात पुरुषी हार्मोन तोडलं तर आजार मागं हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये नोबेल मिळवलं.

मग आली टॅमॉक्सिफेनची गोळी. १९६० च्या दशकात ती इंग्लंडमध्ये तयार झाली ती गर्भ राहू नये म्हणून, आणि त्या कामी ती अगदीच नापास झाली. बायकांत ती उलट बीज सुटायला मदत करायची. पण ती ईआरच्या खोबणीत बसून ईस्ट्रोजेनला जागा देत नाही हे लक्षात आलं आणि तिला खरं काम मिळालं. ईआर पॉझिटिव्ह गाठीनंतर पाच वर्षं ती घेतलेल्या बायकांत पुढच्या पंधरा वर्षांतले त्या आजाराचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. स्वस्त, तोंडानं घ्यायची, खेड्यातसुद्धा मिळणारी गोळी. मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

तिच्यात एक गंमतशीर गुंता आहे, तो आमच्या सीमाभागातल्या माणसाला लवकर कळेल. 'मर' हा शब्द मराठी घरात म्हणून बघा, लोक अंगावर धावून येतील. कन्नड घरात म्हणा, ते खिडकीतून झाड दाखवतील. शब्द तोच, ऐकणारं घर वेगळं. टॅमॉक्सिफेनचं तसंच होतं. छातीतल्या पेशीत ती 'थांब' ठरते, गर्भाशयाच्या अस्तरात 'वाढ', आणि पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना ती आधार देते. ईआर तोच, पण त्याच्या सोबतीला बसणारी प्रथिनं प्रत्येक अवयवात निराळी असतात, ती अर्थ बदलतात. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेलेल्या बाईला अंगावरून जायला लागलं तर लाजून गप्प बसू नये, डॉक्टरांना लगेच सांगावं.

आत्तीची पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत. बीजकोश थकले तरी ईस्ट्रोजेन पूर्ण थांबत नाही. चरबी आणि स्नायूंमध्ये अरोमॅटेज नावाचं विकर असतं, ते दुसऱ्या हार्मोनपासून थोडं थोडं ईस्ट्रोजेन बनवत राहतं. तिला दिलेली लेट्रोझोलची गोळी या विकराला अडवते. म्हणजे इथं कान झाकलेला नाही, निरोपच लिहू दिलेला नाही. ईस्ट्रोजेन हाडांनाही हवं असतं, म्हणून या गोळीनं हाडं विरळ होऊ शकतात आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी या गोष्टी सोबत येतात. हर-टू पॉझिटिव्ह असतं तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन लागलं असतं, पडद्यावरच्या त्या दाटीला चिकटून तिला आवरणारं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी हर-टू पॉझिटिव्ह म्हटलं की डॉक्टरांचेच चेहरे पडत. आता तीच ओळ उपचाराची वाट दाखवते.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आत्ती लिफाफा उशाशी ठेवून पडली आणि दिवा मालवल्यावर तिनं शेवटचा प्रश्न विचारला. "पाच वर्षं निरोप नाही मिळाला तर त्या पेशी मरतात, का नुसत्या झोपतात?"

वर्गात मला असा प्रश्न क्वचितच येतो. काही मरतात. काही झोपतात, आणि फार वर्षांनी जाग्या होऊ शकतात. म्हणून तर गोळी इतकी वर्षं, काहींना पाचाहूनही जास्त. कधीकधी ईआरच्या जनुकातच असा बदल होतो की निरोप नसतानाही कान ऐकल्यासारखं करतो. तेव्हा तो कानच मोडून टाकणारं फुलव्हेस्ट्रंट हे इंजेक्शन असतं, आणि पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या असतात, ज्या थेट उंबऱ्यावर जाऊन सीडीके ४ आणि ६ यांचे हात धरतात. आरबी दारात असेल तर तो तिथंच उभा राहतो. हे सगळं तिला अंधारात सांगितलं. तिनं किती ऐकलं ते माहीत नाही. मधेच तिचा डोळा लागला होता.

ऑपरेशन झालं, टाके निघाले, गोळी सुरू झाली. परवा फोन केला तेव्हा म्हणाली, "मी घेतो की रोज, जेवण झालं की. बोटं आणि गुडघे तेवढे सकाळी धरतात." सांधे धरणं हा या गोळीचा नेहमीचा त्रास आहे. डॉक्टर त्यावर काही देतात, फारच झालं तर त्याच जातीची दुसरी गोळी किंवा टॅमॉक्सिफेनवर नेतात, पण आपण होऊन बंद करायची नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना हे सांग, चिठ्ठीवर लिहून ठेव. ती म्हणाली, "लिहून ठेवलंय. आणि हाडांची तपासणी कधी तेपण विचारतो." सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं ती येतेय.